कानसलेला शिक्का

“नीट धर रे, हलू देऊ नकोस,” मी म्हणालो.

“म्या धरलाच हाय बाबूसायेब. तुमचाच हात थरथरून रायला,” सुरमल म्हणाला.

त्याचं खरं होतं. जन्मात कधी मी कानस हातात धरली नव्हती. कानस सुरमलची, म्हणजे वसाहतीच्या सुतारखान्यातली. तो तिथं काम करायचा. शिक्का माझा, म्हणजे सरकारचा. पितळेचा, रुपयाहून मोठा, वर इंग्लंडच्या राजाचा मुकुट आणि खाली गोलाकार अक्षरांत वसाहतीचं नाव. तारीख होती पंचवीस जानेवारी एकोणीसशे पन्नास. दुसऱ्या दिवसापासून देशाला राजा उरणार नव्हता, आणि त्याचा मुकुट माझ्या टेबलावर असावा हे तेवीस वर्षांच्या नीळकंठ उमरकराला सहन होत नव्हतं. नवा शिक्का यायचा तेव्हा येईल. आपण निदान जुन्याचं डोकं तरी उडवू, असा माझा देशभक्तीचा हिशेब होता.

वसाहत वऱ्हाडात होती, एवढंच सांगतो. नाव सांगत नाही. साठ-सत्तर पारधी कुटुंबं, भोवती काटेरी तार आणि एकच फाटक. इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांतली ही माणसं. कुणी चोरी केली का, कधी केली, असं विचारायची सोयच नव्हती. प्रत्येक मोठ्या माणसाला नंबर, दिवसातून तीनदा हजेरी, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर पास. पासाशिवाय सापडला की तुरुंग. त्या हजेरीचा कारकून मी होतो. सुरमल चव्हाणचा नंबर एकेचाळीस. त्याच्या बापाचाही तोच होता. बाप मेल्यावर नंबर रिकामा राहू नये म्हणून तो मुलाला दिला होता.

मुकुट निघाला. शेवटी शेवटी कानस घसरली आणि वसाहतीच्या नावातली चार अक्षरंही खरवडून गेली. मी शिक्का कोऱ्या कागदावर उमटवून पाहिला. वर नुसता शाईचा डाग आला होता. मला तो फार आवडला.

सुरमलनं टेबलावरचा पितळेचा भुगा फुंकला. “राजा गेला. मंग हजेरी?”

“हजेरी वेगळी. ती कायद्याची आहे.”

“आन् कायदा कोनाचा?”

मी शिक्का फडक्यानं पुसायला लागलो. तो अडून बसला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, “शेवंतीचे दिवस भरले. पोरगं झालं तं त्याले नंबर नाही ना पडनार?”

“नाही पडणार,” मी छातीठोकपणे सांगितलं. “लिहून ठेव.”

“लिवनं तुमचं काम,” तो हसला आणि कानस घेऊन गेला.

सव्वीस तारखेला वसाहतीत झेंडावंदन झालं. अधीक्षकसाहेब नागपूरच्या समारंभाला गेले होते आणि तीन दिवस कारभार माझ्याकडे होता. दुपारच्या भाषणाला तालुक्याहून बापूसाहेब खोडे वकील आले. खादीची टोपी, पायांत जाड वहाणा, साठीकडे झुकलेले. दोन वेळा तुरुंगात जाऊन आलेले. माणसं मैदानात बसली होती. बसा कसंही, आज सण आहे, असं मी दोनदा ओरडून सांगितलं होतं. तरी ती नंबरांच्या ओळींतच बसली, एकाच्या मागं दोन, दोनाच्या मागं तीन. बापूसाहेबांनी ते पाहिलं.

ते बोलले ते मनापासून. “बेचाळीसमध्ये मला पकडलं. गुन्हा काय, विचारलं तर सांगितलं नाही. खटला नाही, वकील नाही. मीच वकील! चौदा महिने ठेवलं. सुटताना अट घातली, दर रविवारी चौकीत येऊन हजेरी द्यायची. चार रविवार गेलो. पाचव्या रविवारी माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. म्हटलं, जेल परवडली. पुन्हा जेलमध्ये गेलो. आज जी घटना लागू झाली ना, ती असल्याच माणसांनी लिहिली आहे. ज्याला कोंडलं होतं त्यानं लिहिलं की कायद्यावाचून कुणाला कोंडता येणार नाही. ज्याला गाव सोडायची बंदी होती त्यानं लिहिलं की माणूस देशात कुठंही हिंडेल. हे पुस्तकातून आलेलं नाही, हे अंगावरच्या वळांतून आलेलं आहे.”

मी टाळ्या वाजवल्या. सुरमल उभा राहिला.

“वकीलसायेब, किती रविवार?”

“चार.”

“मी रोज तीनदा जातो,” सुरमल म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, तो माहिती दिल्यासारखं सांगत होता. “माहा बाप जिंदगीभर गेला. आमच्यातला कोनी व्हता का लिवाले?”

बापूसाहेब टोपी काढून उभे राहिले. काही बोलायच्या आत संध्याकाळच्या हजेरीची घंटा झाली आणि मी रजिस्टर उघडलं. एक हाजीर, दोन हाजीर, तीन हाजीर. हजेरी संपेपर्यंत बापूसाहेब माझ्या शेजारी उभे होते.

“उमरकर,” फाटकाकडे जाताना ते म्हणाले, “हा कायदा नव्या घटनेपुढं टिकणार नाही. पण आपणहून पडणारही नाही. कुणीतरी कोर्टात जाऊन ढकलला पाहिजे.”

“कोण जाणार?”

“ज्याला फाटकाबाहेर जाता येत नाही तो.” ते स्वतःशीच कडू हसले. “आणि आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. खटल्यावाचून कोंडायची सोय एका कलमात आम्ही ठेवलीच आहे. ज्या काठीनं मार खाल्ला ती मोडायची सोडून कोपऱ्यात उभी करून ठेवली. असावी म्हणे घरात, लागली तर.”

सत्तावीसच्या सकाळच्या हजेरीला एकेचाळीस नंबर आला तोच धावत. “बाबूसायेब, काल रातपासून शेवंती अडून हाय. हौसाबुढी म्हनते पोर आडवं हाय, आपल्या हातचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात न्या. पास द्या.”

तालुका पाच कोसांवर. साहेब नसताना माझ्या सहीवर आणि शिक्क्यावर पास चालत असे. सुरमल, शेवंती, हौसा, गाडीवान दौलत, चौघांची नावं आणि नंबर मी लिहिले. जाण्याची वेळ: आठ. परत येण्याची वेळ हा रकाना मी मोकळा सोडला. मग शिक्का मारला. आणि, सांगायला आता जीभ जड होते, पण त्या घाईतही मला अभिमान वाटला. मी सुरमलला म्हणालो, “बघ, बिनमुकुटाचा पहिला पास तुझा.”

त्यानं पाहिलं नाही. पास टोपीत खोचला आणि पळाला. छकडा फाटकातून निघाला तेव्हा आत शेवंती गोधडीवर निजली होती. तिनं गाडीची दांडी धरली होती आणि ओरडत नव्हती. हौसा तिच्या कपाळावर पाणी लावत होती.

दुपारी साडेबारा वाजता दौलत पायी परत आला. तीन कोस पळत आला होता, त्याला धड बोलता येत नव्हतं. “नाक्यावर धरलं बाबूसायेब. शिक्का खोटा हाय म्हनते. गाडी पुलावर उभी हाय. शेवंती... तुमी चला.”

मी सायकलवर टांग टाकली. त्या वाटेवर गुडघाभर धूळ असे. दोनदा पडलो. सगळ्या वाटेत मी एकच वाक्य घोकत होतो: पास मी दिला आहे, शिक्का माझा आहे. एवढं सांगितलं की झालं, असं मला वाटत होतं. आणि त्याच्या खाली दुसरं एक वाक्य होतं, ते मी वर येऊ देत नव्हतो.

नदीच्या पुलाच्या तोंडाशी पोलिसांची झोपडी होती. छकडा उन्हात सोडलेला, बैल बाभळीला बांधलेले. हौसानं आपलं लुगडं फेडून गाडीवर सावलीला ताणलं होतं आणि म्हातारी अंगाला नुसतं एक धडुतं गुंडाळून बसली होती. सुरमलचे हात दोरीनं बांधून त्याला भिंतीशी बसवलं होतं. मला पाहताच तो उठला. “आले! बाबूसायेब आले! सांगा यायले!”

जमादार वयस्क होता, पांढऱ्या मिशांचा. गुंड नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं मला खुर्ची दिली.

“पास मी दिला आहे,” मी धापा टाकत म्हणालो. “सोडा त्यांना. बाई अडलेली आहे, दिसत नाही तुम्हाला?”

“दिसते ना. मले बी लेकी हायेत.” त्यानं पास उलगडून माझ्यापुढं धरला. “पन हे काय हाय? मुकुट नाही, नाव वाचता येत नाही. पारध्याच्या हातात असा पास पाह्यला तं मी काय करू? आन् हे वाचा.” त्यानं भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडं बोट केलं. “नवे शिक्के येईपर्यंत जुने शिक्के आहे तसेच चालवावे. वरून आलं. तुमच्या हापिसात बी आलंच असंल.”

आलं होतं. तेच ते दुसरं वाक्य. बावीस तारखेच्या टपालात आलं होतं. मी ते वाचलं होतं, सरकार किती भित्रं आहे म्हणून हसलो होतो, आणि फाइलला लावलं होतं. आणि पंचवीसला सुरमलला सांगितलं होतं की कानस घेऊन ये.

“आता ऐका बाबू,” जमादार खुर्ची पुढं ओढून म्हणाला. “मी गाडी सोडतो, संगं शिपाई देतो. पन आधी मले एक नाव लिवा लागते. पास खरा असंल तं सरकारी शिक्का बिघडवला तुमी. गुन्हा तुमचा. पास खोटा असंल तं गुन्हा याचा. दोघांपैकी कोन, ते सांगा. नाव नाही लिवलं तं उद्या माही नोकरी जाते.”

गाडीतून आवाज आला. ओरडणं नव्हे ते. ओरडायची ताकद संपल्यावर जो येतो तो. हौसा म्हणाली, “लवकर करा वं माय, हात निघाला पोराचा.”

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं हातकडी आली, आणि आई, आणि लग्नाच्या दोन बहिणी, आणि वडिलांच्या मागं मोठ्या मिनतवारीनं मिळालेली ही कारकुनी. मी इतकंच म्हणालो, “जमादारसाहेब, आधी गाडी सोडा, मग आपण...”

“आधी नाव.”

सुरमल माझ्याकडे पाहत होता. सुरुवातीला त्याच्या नजरेत भरवसा होता. मग तो हळूहळू ओसरत गेला. मी ते पाहिलं, माझ्यासमोर ओसरला. त्यानं गाडीकडं पाहिलं. मग जमादाराकडं वळला.

“म्या केला,” तो म्हणाला. “कानस माही हाय. सुतारखान्यातून आनली. शिक्का चोरला, कानसला, पास म्याच मारला. लिवा. लवकर लिवा, आन् तिले जाऊ द्या.”

जमादार माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं. पारधी माणसाला अक्षर येत नाही आणि पासावरचं अक्षर वळणदार होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. “बाबू, खरं हाय का हे?”

मी काही बोललो नाही, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी मान हलवली. होकारार्थी.

मग सगळं झटपट झालं. बैल जुंपले, मी दांडीवर बसून स्वतः छकडा हाकला, शिपाई मागं बसला. सुरमलला दोरीसकट झोपडीत नेलं. शेवंतीनं एकदाच विचारलं, “थो काऊन नाही आला?” हौसा म्हणाली, “येते, मागून येते.” पुलापासून कोसभर गेल्यावर शेवंतीचा हात दांडीवरून सुटला. मी बैलांना मारत राहिलो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पायरीवरच गाडीत चढल्या, वाकल्या, आणि मग सावकाश खाली उतरल्या. “दोन तास आधी आणायची होती,” एवढंच म्हणाल्या.

पोराला नंबर पडला नाही. तेवढा माझा शब्द खरा ठरला.

आठ दिवसांनी बापूसाहेब माझ्या खोलीवर आले. वाटेत तुरुंगात सुरमलला भेटून आले होते. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

“नागपूरला हायकोर्टात अर्ज करतो आहे,” ते म्हणाले. “नुसता त्याच्या सुटकेचा नाही. सगळ्या कायद्यावरच. नव्या घटनेनुसार हा कायदा रद्द ठरवा म्हणून. याहून चांगला खटला मिळणार नाही, उमरकर. निरपराध माणूस, बायको पोटातल्या पोरासकट गाडीत मेलेली, आणि कारण काय, तर कागदावर राजाचा मुकुट नव्हता. फक्त एक गोष्ट हवी. पास खरा होता आणि शिक्का तुम्ही कानसला, एवढं प्रतिज्ञापत्र.”

“त्यानं तुम्हाला सांगितलं?”

“त्यानं काहीच सांगितलं नाही. म्हणाला, म्याच केला. पण मी पासावरची सही पाहिली आहे.”

मी खाली मान घालून म्हणालो, “मला अडकवल्याशिवाय नाही का चालणार तुमचा खटला?”

“नाही. शिक्का चोरणारा म्हणून तो उभा राहिला तर न्यायाधीश कायदा बघणार नाहीत, चोर बघतील. तुम्हाला शिक्षा होईल. सहा महिने, फार तर वर्ष. मी तुमचं वकीलपत्र फुकट घेईन. आम्हीही गेलो होतोच.”

“तुम्ही गेलात तेव्हा गावानं हार घातले, बापूसाहेब. मला कोण घालणार?”

फार वाईट बोललो. पण बोललो. बापूसाहेबांनी कोरं प्रतिज्ञापत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेले. पंधरा दिवस ते तिथंच होतं. मग मी ते खणात टाकलं. अर्ज झाला नाही. आमच्या वसाहतीतून तरी त्या कायद्याला कुणी ढकललं नाही.

सुरमलला दीड वर्षाची सजा झाली. सुटून तो दुसरीकडं जाऊ शकत नव्हता. कायदाच तसा होता. तो परत वसाहतीत आला आणि हजेरीच्या ओळीत उभा राहिला. मी अधीक्षकांकडे बदली मागितली, मिळाली नाही. वर्षभर दिवसातून तीनदा मी “एकेचाळीस” म्हणायचो आणि तो “हाजीर” म्हणायचा. त्याखेरीज एक अक्षर बोलला नाही. दुसरं कुणी असतं तर माझा गळा धरला असता. धरला असता तर बरं झालं असतं.

एकोणीसशे बावन्नच्या ऑगस्टअखेर तो कायदा दिल्लीहून रद्द झाला. घटना लागू होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. फाटक काढलं, तार कापली, मिठाई वाटली, अधीक्षकांनी भाषण केलं. शिक्का तर केव्हाच नवा आला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच सकाळची हजेरी नव्हती. तरी मी सातला कचेरीत जाऊन रजिस्टर उघडून बसलो. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

सुरमल दारात उभा राहिला. खांद्यावर बोचकं होतं.

मी उभा राहिलो. “बसा,” म्हणालो. त्याला मी कधी अहोजाहो केलं नव्हतं. तो बसला नाही. मी खण उघडून ते प्रतिज्ञापत्र काढलं. घडीवर पिवळं पडलं होतं. “हे मी आता लिहून देतो, सुरमल. सगळं लिहितो. शिक्का मी कानसला, पत्रक मी वाचलं होतं. आजच तालुक्याला जाऊन देतो.”

“कायले?”

“तुमच्या नावावरचा गुन्हा जाईल.”

तो कागदाकडं बघत राहिला. “तवा पायजे होता हा कागद,” तो म्हणाला. “मले नाही, त्या वकीलसायेबाले पायजे होता. मले तं पुलावर तुमचा एक शब्द पायजे होता, आन् तोबी माह्यासाठी नाही.”

“सुरमल, मी...”

“मी भांडाले नाही आलो. सांगाले आलो का मी चाललो. उद्या कोनी म्हनू नये, पारधी पळाला.”

“कुठं जाणार?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखं. “ते आता तुमाले सांगा लागते का?”

तो वळला आणि चालायला लागला. जिथं फाटक होतं तिथं नुसते दोन खांब उरले होते. त्यांच्यामधून जाताना सवयीनं त्याचा हात टोपीकडं गेला, पास काढायला. मग खाली आला. तालुक्याच्या वाटेला न लागता तो उजवीकडं, माळाकडं वळला आणि दिसेनासा झाला.

मी खाली बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. नजर रजिस्टरवर गेली तेव्हा एकेचाळीस नंबरापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. जाण्याची वेळ: सात वाजून दहा मिनिटं. केव्हा पेन्सिल उचलली, केव्हा लिहिलं, मला आठवत नाही. पुढचा रकाना, परत येण्याच्या वेळेचा, मी मोकळा सोडला होता.